गाठ आली की वर

आमच्या घरात सून आणायची तर आधी तिला विहिरीच्या काठावर उभी करून खाली बघायला लावत. मला चक्कर आली नाही, म्हणून मी या घरात आले. विहिरी खोदणं आणि जुन्या विहिरी खोल करणं हा आमचा पिढीजात धंदा. "आयुष्यभर लोकांच्या दारात खड्डे खणले, पण कुणी शिव्या दिल्या नाहीत," असं मामंजी, म्हणजे माझे सासरे, हसत सांगायचे.

काठावर रहाट, रहाटावर दोर. दोराच्या टोकाला कधी माणूस, कधी मुरमाने भरलेली लोखंडी बादली. बादली मधेच थांबवायची असली की रहाटाच्या चाकात खीळ सारायची, मग दांडा सोडला तरी चालतो. दोराला एक हिसका बसला की थांब, दोन हिसके बसले की ओढ. एवढीच आमची शाळा.

नियम मात्र दोन होते, आणि दोन्ही मामंजींचे. पहिला असा की जो खाली उतरणार, त्यानेच सांगायचं रहाटावर कोण बसेल. त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. दुसरा नियम गाठीचा. काम सुरू करण्याआधी मामंजी विहिरीभोवती फिरायचे, कडेची माती चिमटीत चोळून बघायचे आणि दोरावर एका ठिकाणी लाल चिंधीची गाठ मारायचे. खोदत खोदत दोर तिथवर सुटला की काम बंद, पाणी लागो न लागो. मालक गयावया करायचे, "आणखी एक हात जा हो, ओल दिसतेय!" मामंजी म्हणायचे, "ओल मलाही दिसते. म्हणूनच गाठ आधी मारली."

त्यांचा सख्खा भाऊ एकदा गाठीच्या पुढे गेला होता. ओल होती, आणखी एक हात म्हणत गेला आणि कडेचा मुरूम अंगावर आला. त्या विहिरीचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. मामंजी फक्त इतकंच म्हणायचे, "खाली उतरलेल्या माणसाला पाणी ऐकू यायला लागतं. नसलेलंसुद्धा. कुठे थांबायचं हे त्याला विचारायचं नसतं."

हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. ते आपल्या घरालाही लागू आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, खेळ मोबाईलवर सुरू झाला. कधी पत्ते, कधी मॅचवर पैसे. सुरुवातीला जिंकले, आणि त्या पैशांतून मला शिलाई मशीन आणलं. मी ते दारात मांडून बसायचे, येणारा-जाणारा बघेल अशा बेताने. पुढे ते विकलं गेलं तेव्हा "दुरुस्तीला दिलंय" असं मीच सगळ्यांना सांगत फिरले. शेजारीण म्हणाली, "फारच बिघडलं म्हणायचं." मी म्हटलं, "हो, फारच."

हरले की हे कधी हरलो म्हणायचे नाहीत. "थोडक्यात हुकलं" म्हणायचे. जिंकणं आणि हरणं यांच्या मधे यांनी एक तिसरंच गाव वसवलं होतं, आणि संसार तिकडे हलवला होता. माणूस वाईट नव्हे हो. कामाला दणकट, बोलायला गोड, मामंजींचे पाय चेपून देणारा. पण मोबाईल वाजला की डोळे असे व्हायचे, जणू घरात कुणीच नाही. दादांनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, दोनदा गुपचूप देणी फेडली. शपथा तर इतक्या झाल्या की शपथेलाच लाज वाटावी.

त्या वर्षी विहिरींनी लवकर तळ दाखवला. आमच्या धंद्याचं हे असं उलटं, लोकांच्या तोंडचं पाणी पळालं की आमची चूल पेटते. जिकडून तिकडून बोलावणी यायला लागली. तेव्हा जाऊबाईंनी तोडगा काढला.

"भावजींना रहाटावर बसवा," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात दांड्याला. मग खेळतील कशाने, पायाने?"

आम्ही सगळे हसलो. हेही हसले. मला तर वाटलं, सुटलो. हात गुंतले की डोकं सुटतं, असं आमच्या कष्टाच्या घरात कुणालाही वाटलं असतं. रहाटावर जन्म गेला आमचा, पण एकाच्याही ध्यानात आलं नाही की रहाटाचं निम्मं काम म्हणजे वाट बघणं. खालचा माणूस बादली भरतो, तोवर वरचा खीळ सारून बसलेला असतो. आम्ही यांना खेळायला बैठक दिली, सावली दिली आणि वर सवडही दिली.

दादांनीच यांना रहाटावर बसवलं आणि स्वतः खाली उतरले. दोन हिसके बसले, यांनी बादली अर्ध्यावर ओढली. खिशातला फोन वाजला. यांनी खीळ सारली, पण ती पुरती बसली की नाही ते बघितलं नाही. मी मुरूम टाकायला गेले होते, मला फक्त चाकाचा खडखडाट ऐकू आला. मग खालून एक आवाज आला, तो मी लिहीत नाही.

दादा कडेला चिकटले म्हणून डोकं वाचलं. खांदा आणि गळ्याचं हाड गेलं. त्यांना वर काढताना हे दांडा फिरवत होते आणि रडत होते, आणि जाऊबाई यांच्या हातावर हात ठेवून तोच दांडा फिरवत होत्या, कारण आता यांच्या एकट्याच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. दादा वर आल्यावर जाऊबाईंनी मातीत पडलेला मोबाईल उचलला. पडद्यावर रंगीत अक्षरं नाचत होती, 'थोडक्यात हुकलं! पुन्हा खेळा!' त्यांनी तो पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"हे तुझ्या नवऱ्याचं," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून 'भावजी' हा शब्द त्यांच्या तोंडून गेला. हे त्यांच्यासाठी 'तुझा नवरा' झाले.

दवाखान्यात पट्टी बांधताना नर्सबाईंनी विचारलं, "कसं काय लागलं?"

"बादली निसटली," दादा म्हणाले. त्या दुखण्यातही भावाला झाकत होते.

हे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "निसटली नाही. माझ्यामुळे सुटली. मी मोबाईलवर जुगार खेळतो. थांबायचं म्हटलं तरी मला थांबता येत नाही."

नर्सबाईंनी कात्री खाली ठेवली. "सरळ जा. शेवटची खोली. तिथे व्यसनमुक्तीच्या मॅडम बसतात, त्यांना हेच सांगा, आत्ता सांगितलंत तसंच."

त्या बाईंचं मी काय देणं लागते, ते मलाच ठाऊक. आमच्या दाराशी इतके लोक उपदेश करून गेले, पण दार कुठे आहे ते एकीनेच दाखवलं.

शेवटच्या खोलीतल्या मॅडम चष्मा डोक्यावर सरकवून तोच शोधत होत्या. हे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मी दारूला शिवत नाही."

"बरं आहे," मॅडम म्हणाल्या. "मग एकच व्यसन सोडवायचं. बसा."

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, डोळेही वटारले नाहीत. कधीपासून, किती, हरल्यावर काय वाटतं, झोप लागते का, असं एकेक विचारत गेल्या. मग त्याच आवाजात विचारलं, "जीव द्यावा असं कधी मनात आलं?"

यांनी माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. "एकदा विहिरीच्या काठावर जाऊन बसलो होतो. काम नसताना."

विहिरीत बघून चक्कर न येणारी बाई मी. मला त्या साध्या खुर्चीवर चक्कर आली.

मॅडमनी मला पाणी दिलं. "विचारल्याने असे विचार वाढत नाहीत," त्या म्हणाल्या, "बोलल्याने उतरतात." यांना त्यांनी एक नंबर पाठ करायला लावला, पुन्हा तसं वाटलं तर वेळ-काळ न बघता लावायचा. आणि मला सांगितलं, काही दिवस यांना एकटं सोडू नका. मग त्यांनी समजावलं. हा बेशरमपणा नाही, आजार आहे, आणि आजार म्हटलं म्हणजे औषध घेण्याची जबाबदारी संपत नाही. 'थोडक्यात हुकलं' हेच त्या खेळाचं आमिष. हुकलं तरी डोकं जिंकल्यासारखंच उसळतं, आणि खेळ बनवणाऱ्यांना ते नीट ठाऊक असतं. "तल्लफ दुधासारखी वर येते," त्या म्हणाल्या. "तेवढ्या वेळात कुणीतरी चुलीजवळ हवं. आच काढली की ती आपली आपण खाली बसते."

दुसऱ्या खेपेला त्यांनी घरच्या सगळ्यांना बोलावलं. गळ्यात हात अडकवलेले दादा, मामंजी, मी, आणि दाराजवळ, निघायच्या तयारीत बसलेल्या जाऊबाई. मॅडम म्हणाल्या, "यांची देणी गुपचूप फेडू नका. फेडलीत की खेळाला वाटतं, अजून जागा आहे. मजुरी बायकोच्या हातात. फोन साधा, बटणांचा. आणि शपथा बंद."

"मग करायचं काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"दर आठवड्याला यायचं."

"बस?"

"येऊन बघा. सोपं नाही."

आठवड्याच्या बैठकीत एक शिंपी होता, एक शाळामास्तर आणि एक पांढऱ्या केसांच्या आजी. आजींना बघून मला वाटलं, नातवाला घेऊन आल्या असतील. तर त्या स्वतःच पत्त्यांवर घर फुंकून बसलेल्या. "पोरी, खेळ वय विचारत नाही," त्या मला म्हणाल्या, आणि यांना म्हणाल्या, "तू माझ्या शेजारी बस. तुला हसू येईल असं मी काहीतरी सांगते."

काम मात्र थांबवून चालणार नव्हतं. रहाटावर रोजाने एक माणूस ठेवला. खाली जाऊबाई आणि मी आळीपाळीने उतरायचो. हे घमेली वाहायचे. धंद्यातली माणसं चेष्टा करायची, "काय, रहाटावरून घमेल्यावर?" हे मान खाली घालून म्हणायचे, "हो, पगारवाढ झाली." डोक्यावर मुरूम, मानेवर घाम, आणि रिकामा हात खिशाकडे जायचा, जिथे तो फोन आता नव्हता. पहिले काही दिवस यांचे हात थरथरायचे, जेवण जायचं नाही, चिडचिड व्हायची. मी ते बघितलंय. आजार आहे की नाही अशी ज्याला शंका असेल, त्याने तेवढे दिवस आमच्याकडे राहायला यायला हवं होतं.

आणि मधेच हे घसरले. न्हाव्याकडे दाढीला गेले आणि त्याच्या मोबाईलवर खेळून आले. अर्धीच दाढी केलेली. दारातच उभे राहून म्हणाले, "मी खेळलो."

मला रडूच फुटलं. मॅडम मात्र म्हणाल्या, "पूर्वी तुम्हाला कळायला महिने लागायचे. आज ते अर्ध्या दाढीने सांगायला आले. बाई, हे रडण्यासारखं नाही." मी घरी येऊन यांची उरलेली दाढी स्वतः केली.

त्याच दिवशी मामंजी अंगणात दोराला तेल चोळत बसले होते. हे जवळ जाऊन बसले. मामंजींनी मान वर न करता विचारलं, "तुझी गाठ कोण मारतं रे?"

"माझी मीच, बाबा. रोज सकाळी ठरवतो."

"खाली उतरल्यावर मारलेली गाठ ती. ती गाठ नव्हे."

हे उठून थेट जाऊबाईंपुढे उभे राहिले. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"वहिनी, मनात आलं की मी आधी तुम्हाला सांगेन. खेळायच्या आधी. तुम्ही म्हणाल तिथे बसेन, म्हणाल ते करेन."

"मला कशाला? बायको आहे की तुला."

"ती मऊ आहे. तिला मी फसवतो. तुम्हाला फसवता येत नाही."

मला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. जाऊबाईंनी ओलं लुगडं झटकलं, त्याचे शिंतोडे यांच्या तोंडावर उडाले. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून यांनी "वहिनी, आलंय" म्हटलं की त्या हातातलं टाकून एखादं काम पुढे करायच्या. लाकडं फोड. दोर उलगड, परत गुंडाळ. एकदा काहीच सुचलं नाही तर त्यांनी यांना गोधडीचे टाके मोजायला बसवलं, आणि मोजणं चुकलं म्हणून परत मोजायला लावलं. मी आतून बघत होते, आणि देवाशपथ, मला त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. ज्याने तिच्या नवऱ्याचा खांदा मोडला, त्याच्याकडून ती टाके मोजून घेत होती.

मग रोपवाटिकेच्या मालकीणबाईंचं काम आलं. रोपं माना टाकायला लागली होती. विहीर जुनी, अरुंद, आत अंगाने बारीक माणूसच फिरेल. म्हणजे जाऊबाईच. सकाळी आम्ही रहाट उभा केला, मामंजींनी कडेची माती चोळली आणि दोरावर लाल चिंधी बांधली. तेवढ्यात निरोप आला की रोजाचा माणूस जास्त मजुरीवर दुसरीकडे गेलाय. दादांचा हात अजून वर होत नव्हता. मामंजींचं वय झालेलं. मी पुढे सरकले.

जाऊबाई कमरेला दोर आवळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजींना बसवा."

कुणी ब्र काढला नाही. नियमच तसा. दादांनी खाली बघितलं. इतक्या दिवसांनी मी त्यांच्या तोंडून 'भावजी' ऐकलं होतं.

हे पुढे आले. हात पँटला पुसले, दांडा धरला. खीळ काढून बघितली, परत सारली, दाबून बघितली. आणि मग दांड्यावरचे हात काढून घेतले.

"वहिनी, आज नको."

"का?"

"आज मॅच आहे. उठल्यापासून डोक्यात तीच फिरतेय. हात इथे राहतील, पण मी इथे राहीन याची खात्री नाही."

मालकीणबाई वैतागल्या. "अहो, मी तुमच्या भरवशावर थांबलेय! माझी रोपं जळताहेत आणि तुमचं काय हे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांदेखत एवढा मान मिळाला, आणि या माणसाने तो हाताने परत केला. म्हटलं, आता जाऊबाई काय करतात?

जाऊबाईंनी कमरेचा दोर सोडला. विहिरीच्या काठावर बसल्या. आणि हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आज खाडा," त्या म्हणाल्या. "बाई, तुमची रोपं आम्ही आजच्या दिवस जगवतो. बादल्या द्या."

मग आम्ही सबंध घराने लांबच्या हौदावरून पाणी वाहिलं. मी डोक्यावर, दादा एका हाताने, मामंजी तांब्याने, आणि हे दोन्ही हातांत बादल्या घेऊन. रोपारोपाला घोटभर. उन्हाने डोकी तापली, खांदे सोलवटले. संध्याकाळी कुठल्याशा घरातून मॅचचा गलका ऐकू आला. हे चालता चालता थांबले. जाऊबाई मागून म्हणाल्या, "बादली गळतेय भावजी, चला." बादली गळत नव्हती. हे चालू लागले. शेवटी मालकीणबाईंनी न बोलता आमच्यापुढे चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळ्यांच्या आधी रहाटाशी जाऊन उभे होते. "वहिनी, आज बसतो," म्हणाले.

जाऊबाई उतरल्या. पहारीचे घाव खालून येत राहिले. बादल्या वर येत होत्या, मी ओतत होते. हे वाट बघताना खीळ सारून त्यावर तळवा ठेवून बसायचे आणि डोळे दोरावर. वरचा मुरूम कोरडा होता, मग जरा गार लागला, मग काळपट. मालकीणबाई काठाशी आल्या. "ओल! ओल आली!" आणि त्याच वेळी लाल चिंधी रहाटावरून उलगडून खाली लोंबली.

"गाठ आली, वहिनी," यांनी आत हाक दिली.

"आणखी एक हात!" खालून आवाज आला. "ओल आहे इथे!"

"गाठ आली. वर या."

"अहो, पाणी ऐकू येतंय मला! अगदी जवळ! एकच हात, भावजी!"

मालकीणबाईंनी यांचा दंड धरला. "जाऊ द्या ना त्यांना, एवढ्यावर आलंय!" मी मामंजींकडे बघितलं. मामंजी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. दांड्यावरची पकड ढिली झाली नाही.

"ऐकू येणारच," हे म्हणाले. "दोर कमरेला बांधा. ओढतो."

खाली बराच वेळ काही हाललं नाही. मग दोराला दोन हिसके बसले.

जाऊबाई वर आल्या त्या चिखलाने माखलेल्या आणि संतापलेल्या. काठावर पाय टेकताच म्हणाल्या, "मला खरंच ऐकू येत होतं!"

"मलाही यायचं, वहिनी," हे म्हणाले. "रोज."

जाऊबाईंनी आपला चिखलाचा हात यांच्या डोक्यावर ठेवला, आणि काही वेळ तिथून काढलाच नाही. दादांनी बरा असलेला हात पुढे करून खीळ दाबून बघितली. पक्की बसली होती.

मामंजींनी पुढच्या आठवड्यात आवाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात जागा दाखवली. तिथे गाठीच्या आत पाणी लागलं, आणि तोवर हौदाच्या पाण्यावर तगलेली रोपं वाचली. बैठकीला आम्ही अजून जातो. आजी अजून यांना शेजारी बसवतात, आणि मॅडम अजून चष्मा शोधतात. मजुरी माझ्याकडेच असते. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, मॅडमही ते ठाऊक असल्याचा आव आणत नाहीत.

पण त्या दिवशी आम्ही कोरड्या विहिरीवरून, अर्ध्या मजुरीवर, रहाट खांद्यावर घेऊन घरी निघालो होतो. यांच्या केसांत जाऊबाईंच्या हाताचा चिखल वाळला होता, आणि मी "पुसा की" म्हटलं तर म्हणाले, "असू दे."